पायऱ्यांवरून घरंगळलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि मला राग आलेला आहे. काठीला कसला आलाय राग, असे म्हणू नका. आधी ऐका.

माझा जन्म एका कॉलेजच्या सुतारखोलीत झाला. वाचनालयातला एक बाक मोडला होता. सुताराने त्याचा पाय उचलून ठेवला, तासला, काचकागदाने घासला. मूठ हाताला बोचू नये म्हणून तो ती पुन्हा पुन्हा स्वतःच्या गालाला लावून पाहत होता. शेवटी खाली रबरी टोपी बसवली. एवढी खटपट त्याने बायकोसाठी केली. ती त्याच वाचनालयात पुस्तके लावायची आणि तिचा गुडघा धरायचा. सगळे तिला मावशी म्हणत.

“मला म्हातारी करायला निघालात होय?” तिने विचारले.

“म्हातारी तू केव्हाच झालीस. मी नुसती काठी केली,” सुतार म्हणाला.

मग आम्ही दोघींनी पुष्कळ वर्षे काम केले. वरच्या फळीवरचे पुस्तक मी पुढे ओढायचे, मावशी झेलायची. वाचता वाचता घोरणाऱ्यांना मी हळूच टोचायचे. एखाद्या मुलीला ताप आला की मावशी तिची पिशवी गळ्यात घालून तिला फाटकापर्यंत सोडायची. याला कोणी समाजसेवा म्हटले नाही. मावशीनेही नाही.

एका वर्षी समाजशास्त्राच्या सरांनी एक अभ्यास काढला. अनोळखी माणसाला लोक मदत का करतात, हे त्यांना शोधायचे होते. एका विद्यार्थ्याला म्हातारा बनवायचे, वाचनालयाच्या पायऱ्यांवर पाडायचे आणि कोण थांबते हे वरच्या खिडकीतून पाहायचे, अशी त्यांची रीत होती. म्हाताऱ्याला काठी हवी.

“मावशी, तुमची काठी द्या ना दुपारपुरती. समाजाच्या भल्याचं काम आहे,” म्हातारा होणारा मुलगा म्हणाला.

“ने बाबा. पण परत आण हो, नाहीतर मीच पडेन.”

तो रोज दुपारी पडू लागला आणि त्याच्या हातातून सुटून मी खडखडत पायऱ्या उतरू लागले. माझे पॉलिश खरवडले, टोपी फाटली. ती बदलावी असे कोणाच्या मनातही आले नाही. सुतारानेच बदलली.

सुरुवातीला माणसे धावून येत. पण कॉलेजात गोष्ट लपते थोडीच? लवकरच सगळे मला ओळखू लागले. मी घरंगळले की लोक आधी खिडकीकडे बघत. काही जण केस सारखे करून मदतीला येत, बाकीचे हसून निघून जात. मुलगा ओरडायचा, “अहो, खरंच पडलोय!” मग तर जास्तच हशा पिकायचा.

मावशी मात्र दर वेळी लंगडत यायची. लोक तिलाही हसायचे.

“मावशी, तुम्ही नका ना येऊ! आमचा अभ्यास बिघडतो.”

“खोटं पडलं तरी लागतं खरंच रे. कोपर दाखव बघू.”

आणि एके दिवशी मावशीच पडली. त्या दिवशी अभ्यास नव्हता, नाटक नव्हते. तिचा गुडघा लचकला, मी हातातून सुटले आणि नेहमीसारखी खडखडत खाली गेले. तोच आवाज, तीच काठी.

“अरे वा, आज मावशींना घेतलंय!” एकजण म्हणाला.

“मावशी, झकास! थोडं अजून कण्हा.”

“बाळांनो, मी खरंच पडले रे.”

“तोही हेच म्हणतो!”

कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी खिडकीकडे बघून हात हलवला. खिडकीत कोणी नव्हते. लोक तिला वळसा घालून वर गेले, खाली आले. मी शेवटच्या पायरीशी पडून होते. मला ओरडता आले असते तर इमारत हादरवली असती.

जेवायला ती आली नाही म्हणून सुतार तिला बघायला आला. त्याने हातातला डबा तिथेच टाकला.

खुब्याचे हाड मोडले होते. ते जुळले नाही. मावशी अंथरुणाला खिळली, अंगात ताप भरला आणि ती गेली. मी तिच्या उशाशी उभी होते.

नंतर सर घरी आले. फार वाईट वाटले म्हणाले. चहा प्यायले. मग जरा अडखळत म्हणाले, “त्या दिवशी जे घडलं, ते आमच्या अभ्यासात घेतलं तर चालेल का? फार महत्त्वाचं आहे ते.”

“सर,” सुतार म्हणाला, “इतके दिवस ती तुमचा अभ्यास बिघडवत होती. आता कशाला घेताय तिला?”

सर उठले. जाताना त्यांनी मला भिंतीला नीट टेकवून ठेवले. मला तो हातही नको होता.

आता सुतारच मला घेऊन चालतो. परवा रस्त्यात एक माणूस कोसळला. लोक थांबले आणि इकडेतिकडे बघू लागले. कोणी चित्रीकरण करतेय का, कोणी गंमत करतेय का! सुताराने मला फेकून दिले आणि दोन्ही हात पुढे केले. मी गटाराच्या कडेला आपटले. त्या वेळी मात्र मला राग आला नाही.

मित्रांनो, मला जपू नका. मी लाकूड आहे, रंधा मारला की पुन्हा नवी होईन. पडलेल्या माणसाला आधी उठवा. त्याने तुम्हाला फसवले असेल तर लोक हसतील. हसू देत. मावशीलाही हसायचे.