निळ्या पेटीची जागा

आमच्या गाडीत माशांच्या पेटीला पट्टा बांधतात. माणसं आपापलं बघतात. ती निळी पेटी मात्र मागच्या सीटवर मधोमध बसते, आणि गाडी सुरू करण्याआधी हे मान वळवून विचारतात, "पेटीला पट्टा लावला ना?" एकदा वळणावर ती कलंडली होती आणि सबंध उन्हाळा गाडीला वास मारत होता. तेव्हापासून तिचा हा मान.

उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी किनाऱ्यावर होड्यांच्या शर्यती असतात. माझी नणंद नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आदल्या दिवशीच येऊन थडकते. मग वाळूत शेगडी मांडायची, मासे तळायचे आणि "घरी ही चव येत नाही बुवा" म्हणत हादडायचे. तळायला सासूबाई. आजवरची प्रत्येक शर्यत त्यांनी पाठीमागून ऐकली, तोंड तव्याकडे करून.

यंदा त्यांचे गुडघे धरले म्हणून "आईला दगदग नको" असं सगळ्यांनी ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे आई सोडून सगळ्यांनी. आणि त्याच आई पहाटे उठून मासे धूत होत्या, मसाला चोळत होत्या, पेटीत बर्फावर रचत होत्या. ती दगदग नव्हे.

मी बर्फ फोडून देत होते. त्या मध्येच म्हणाल्या, "मला यंदा पाण्यात पाय बुडवायचेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पाय. पाण्यात."

पलंगाखालून त्यांनी रबरी चपला ओढून काढल्या. कोऱ्या, वाळूत न घसरणाऱ्या. कधी आणवल्या, देव जाणे. समुद्र जन्मभर ह्या बाईच्या खिडकीत आहे. खिडकीचे गज त्याने गंजवले, वाळत घातलेले कपडे खारवले. पण खाली जायच्या पायऱ्या आता त्यांना झेपत नाहीत, आणि गाडी एरवी ह्यांच्याबरोबर कामावर.

निघायच्या वेळी त्या चपला घालून दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"आई, तू कशाला उठलीस?" वन्सं म्हणाल्या. "पड की जरा. आम्ही व्हिडिओ काढून आणतो तुला."

"ऊन फार आहे," हे म्हणाले.

"आणि जागा कुठेय?" जावईबापूंनी मुद्द्याचं बोलून टाकलं. ते पुढे बसतात. त्यांचे पाय लांब आहेत. मागे वन्सं, मी, मांडीवर पोरगी आणि मधोमध पेटी.

"पेटी मी मांडीवर घेतली असती गं, आई," वन्सं म्हणाल्या, "पण बर्फ ना, गार लागतं."

आई म्हणाल्या, "बरं." आणि वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माशांना गादी, वारा, वर पट्टा. आणि ज्या बाईने ते साफ केले तिने घर राखायचं! मी गाडीचं दार उघडलं, पेटीचा पट्टा काढला आणि पेटी उचलून फाटकापाशी ठेवली.

"अहो वहिनी, हे काय?" वन्संनी विचारलं.

"आई, चला. ही तुमची जागा." त्यांना बसवलं, पट्टा लावला. ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "पट्टा लावलाय. निघा."

"आणि पेटी?"

"डिकीत तुमच्या खुर्च्या आहेत. मी रिक्षाने घेऊन येते."

गाडी गेली. मी पेटीशेजारी रिक्षात बसले आणि अर्ध्या वाटेत माझा जीव चरकला. शेगडी गाडीत, आई गाडीत. पेटी पोचायचा अवकाश, वन्सं लाडात येऊन उलथनं पुढे करणार, "आई, तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं." की बसल्याच त्या तव्यासमोर.

"दादा, थांबवा जरा," मी रिक्षावाल्याला म्हटलं. किनाऱ्याच्या कठड्यापाशी रिक्षा उभी राहिली. खाली वाळूत छत्र्याच छत्र्या, ढोल, आइस्क्रीमच्या गाड्या. आमची पिवळी छत्री लगेच ओळखू आली, पाण्यापासून लांब, पार झाडाखाली. शेगडी मांडलेली. शेगडीपुढे आई.

मी फोन लावला.

"कुठे आहेस? तवा तापलाय," हे म्हणाले.

"आई पाण्यात गेल्या का?"

"जातील गं. जेवणं झाली की नेतो."

"जेवणं झाली की तुम्ही आडवे होता. आधी न्या."

"अगं, पोरगी भुकेली आहे, जावई काय म्हणतील..."

"जावयांना सांगा, मी वर कठड्यापाशी आहे. आईंचे पाय ओले झाले की पेटी येईल. त्याआधी नाही."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"हो. उन्हाने."

फोन ठेवला. रिक्षावाला पुढे बघत म्हणाला, "ताई, बर्फ वितळतोय."

"वितळू दे."

खाली बरेच हातवारे झाले. वन्सं दोनदा कमरेवर हात ठेवून वर बघत राहिल्या. मग जावईबापू त्या लांब पायांवर उठले. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने हे, आणि मधोमध आई. वाळूतून इतक्या सावकाश चालल्या होत्या की शर्यतीची शिट्टी झाली, होड्या सुटल्या, तरी त्या पोचल्या नव्हत्या. मग पोचल्या. लाट आली, तरी त्या मागे सरल्या नाहीत. दोघांचे हात झटकून एकट्या उभ्या राहिल्या.

मी पेटी घेऊन खाली गेले. वन्संनी उलथनं उचललं आणि पाण्याकडे हाक मारली, "आई, आली गं पेटी! ये आता!"

"तळ तू," आई म्हणाल्या. मान वळवली नाही. पुढची होडी वळसा घेत होती.

"मला नाही तुझ्यासारखं जमत."

"मग करपव."

वन्संनी करपवले. पहिला घाणा तर काळाठिक्कर. लेकीने तोंड वाकडं केलं, जावईबापूंनी काटे काढत मान खाली घातली. एक तुकडा कागदावर घेऊन मी पाण्यात गेले. आईंच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला.

"मीठ बरोबर आहे," म्हणाल्या. "मीठ मी लावलं होतं."

"परतायचं का?"

"तुला घाई आहे?"

"मला कसली घाई?"

"मग चपला काढ तुझ्या. आणि जरा बाजूला सर, मला होड्या दिसत नाहीत."