डावखुऱ्यासाठी उकुलेले

हाउनानी तामाशिरोंच्या वाद्यांच्या दुकानात शिरली ती चोरासारखीच. पण बेटावरचं हिलो हे काय चोरून काही करायचं गाव आहे? त्यात ही पोस्टात खिडकीवर बसणारी बाई. अख्खं गाव तिला चेहऱ्याने ओळखतं.

गुन्हा काय, तर मुलासाठी नवं उकुलेले, गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घ्यायचं होतं. दुसऱ्या घरात हा आनंदाचा सौदा झाला असता. हिच्या घरात मात्र ते पाप होतं. घरातलं पोर शाळा संपवून, कानापर्यंत फुलांच्या माळा घालून मंचावरून खाली उतरलं, की एनोसकाकांनी त्याच्या हातात स्वतः घडवलेलं उकुलेले ठेवायचं, अशी त्यांची रीत. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. हाउनानीला त्यांनी दिलेलं कोआच्या लाकडाचं वाद्य अजून असं गातं, की शेजारची माणसं काम टाकून ऐकत बसतात.

पण आता काकांचे हात थरथरत होते. मागच्या खेपेला हाउनानीच्या बहिणीच्या मुलीला त्यांनी दिलं, ते छेडलं की आत माशी अडकल्यासारखं घोंघावायचं. पोरीने काकांना मिठी मारली, फोटो काढले आणि उकुलेले कपाटात कोंबलं. यंदा पाळी हाउनानीच्या नालूची, आणि त्याला तर शाळा संपल्याच्या मेजवानीत सगळ्या गोतावळ्यासमोर वाजवायचं होतं. काकांना सांगायचं कोणी? घरात सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं. तेव्हा हिने आपल्यापुरता मार्ग काढला. नालू वाजवेल नवं, काकांचं जपून ठेवेल, आणि काकांना ऐनवेळी काहीतरी थाप मारता येईल.

दुकान एवढंसं. भिंतभर उकुलेले टांगलेले, मध्ये उभं राहायला जेमतेम जागा. हाउनानीने एक निवडलं आणि तामाशिरोंना तारा उलट्या लावायला सांगितल्या. नालू डावखुरा. अख्ख्या घराण्यात तेवढा एकच. लहानपणी काकांनीच त्याला मांडीवर घेऊन, तारांचा क्रम फिरवून शिकवलं होतं. तामाशिरोंनी तारा चढवून उकुलेले तिच्या हातात दिलं आणि तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं. पिशवीभर अ‍ॅव्होकॅडो घेऊन एनोसकाका आत आले. रिकाम्या हाताने ते कुठेच जात नसत.

पिशवी त्यांनी तामाशिरोंच्या पुढ्यात ठेवली आणि खुशीत सांगून टाकलं, की नालूचं उकुलेले होत आलंय, आता फक्त खुंट्या बसवायच्या. खुंट्यांचं एक पाकीट त्यांनी आकड्यावरून काढलंसुद्धा. मग त्यांना पुतणी दिसली, आणि तिच्या हातातलं दिसलं.

"पोस्टातल्या साहेबांकडे पाहुणे आलेत," हाउनानी घाईघाईने म्हणाली. "त्यांच्या मुलाला हवंय."

इतकं सरळ खोटं आपल्याला येतं, हे तिला आजच कळलं. तामाशिरो बिचारे काउंटरवरची नसलेली धूळ पुसत राहिले.

"मग नीट बघून घे. परक्याच्या पोराला फसवू नये," काका म्हणाले. "आण इकडे."

नाही कसं म्हणणार? तिने दिलं. काकांनी ते छातीशी धरलं, अंगठा वरून खाली फिरवला आणि थांबले. पुन्हा एकदा फिरवला. जाड तार जिथे असायला हवी तिथे नव्हती. आता ते विचारतील, आता विचारतील, म्हणून हाउनानी जमिनीकडे बघत राहिली. त्यांनी शिव्या घालाव्यात, असंही तिला वाटून गेलं.

काकांनी चारही तारा जुळवल्या. बोटं खुंटीवरून घसरत होती, पुन्हा धरत होती, आणि मदत करायची कोणाची छाती झाली नाही.

"हे बघ," शेवटी ते म्हणाले, "तारा उलट्या लावल्या की जाड तार वरच्या पट्टीच्या बारीक खाचेत बसत नाही. मग ती घोंघावते. तामाशिरोंकडून खाचा नव्याने घासून घे. नाहीतर चारचौघांत पोराची फजिती होईल."

आवाजात राग नव्हता. लहानपणी तिला शिकवताना जो आवाज असायचा तोच होता, आणि म्हणूनच तिला भुईने पोटात घ्यावं असं झालं.

काकांनी उकुलेले तिला परत दिलं आणि खुंट्यांचं पाकीट आकड्याला पुन्हा अडकवलं. पहिल्यांदा आकडा चुकला. तामाशिरोंनी हळूच विचारलं, की खुंट्या नकोत का?

"आता नकोत," काका म्हणाले. अ‍ॅव्होकॅडो लवकर खा, पिकायला आलेत, असं सांगून ते गेले.

धावत जावं, हात धरावा, म्हणावं की काका, मी खोटं बोलले, हे नालूचंच आहे. सगळं मनात आलं, पण पाय काही हलले नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला हायसंही वाटलं. जे सांगायची घरात कोणाची हिंमत नव्हती, ते सांगावंच लागलं नाही. त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले तरी पुसायचा धीर होईना.

तामाशिरोंनी कानस हातात घेतली आणि खाचा घासायच्या का, असं विचारलं.

"घासा," हाउनानी म्हणाली. "ते म्हणाले तशाच."