शेंबडी

संपादकसाहेबांनी चिठ्ठी तिच्या टेबलावर सरकवली. ‘शेंबडी : समुद्रातली एक खाद्य गोगलगाय. संस्कृत शंबूक.’

“एवढा अर्थ तपासून टाका, बाई. व्युत्पत्ती मी लावलीय.”

शब्दकोशाच्या त्या कचेरीत चार वर्षांत तिनं शिव्यांची पानंसुद्धा हसत तपासली होती. पण भेंडीची तार हाताला लागली तरी तीनदा हात धुणारी बाई ती! गोगलगाय खायची?

सासूबाईंचं माहेर समुद्राकाठचं, म्हणून घरी गेल्यावर तिनं त्यांना विचारलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून पिशवी आणून त्यांनी मोरीत उपडी केली. करड्या शंखांचा ढीग पडला. पाणी लागताच एकेकाच्या तोंडातून राखाडी मांस बाहेर सरकलं आणि मोरीभर चिकट बुळबुळ पसरली.

“आई, मी नुसता अर्थ विचारला होता!”

“मग अर्थच दाखवतेय.”

उकळताना गढूळ फेस आला, वास पडद्यांत शिरला. सासूबाईंनी टाचणीनं एक मांस पिळत ओढलं. मागून हिरवट काळं शेपूट लोंबत आलं.

“हे टाकायचं. तिची घाण असते त्यात.”

तोंडावर हात दाबून तिनं विचारलं, “हे नाव ठेवलं कुणी?”

“वरच्या आळीतल्या पोरींनी. शाळेत माझ्या डब्यात हेच असायचं. झाकण उघडलं की ओरडायच्या, ‘शेंबूड खाते, शेंबूड!’ मग ही शेंबडी आणि मीही शेंबडी. पुढे गावभर तेच झालं. आता मासेवालीही तेच म्हणते.”

“आणि तुम्ही घरी काय म्हणायचात?”

“रोजचं. ‘रोजचं आणलंस का गं?’ एवढंच.”

तिला स्वतःच्या मुरडलेल्या नाकाची लाज वाटली. डोळे मिटून तिनं एक तोंडात टाकली. चावली तर रबर, आत कचकच वाळू, मग घशाशी कोमट, खारट बुळबुळ. गिळवेना.

सासूबाईंनी तळहात पुढे केला. “थुंक, अगं. मला तरी कुठं आवडायची? भूक लागायची, म्हणून खायचो.”

ती थुंकली.

सकाळी साहेबांनी तिची नवी चिठ्ठी वाचली, ‘शेंबूड या शब्दावरून. खाणाऱ्यांच्या घरी: रोजचं’, आणि तोंड वाकडं केलं. “शेंबूड? छे! शंबूक कसं भारदस्त वाटतं.”

“सर, तुम्ही पाहिलीय कधी?”

“शी! मी कशाला पाहू?”

“मग भारदस्त कशावरून?”

तीन दिवस साहेब धुसफुसले. चौथ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी परत दिली. शंबूकपुढे प्रश्नचिन्ह होतं. शेंबूड खोडलेला नव्हता. आणि ‘रोजचं’ हा शब्द वेगळी नोंद म्हणून त्यांच्याच अक्षरात होता.

तिनं घरी येऊन सांगितलं. सासूबाई पातेलं घासत होत्या. वास अजून गेला नव्हता.

“माझं नाव नाही ना घातलंस?”

“नाही, आई.”

“बरं केलंस. खिडकी उघड जरा, मळमळतंय.”