बावन्न की अठ्ठेचाळीस

विमानतळ दोन आणि मधला रस्ता एकच. पण तो रस्ता किती किलोमीटरचा, यावरून दोन्हीकडच्या चौकशी खिडक्यांचं गेली सहा वर्षं फोनवर भांडण चालू होतं. इकडचा चौकशीवाला म्हणे अठ्ठेचाळीस, तिकडच्या बाई म्हणत बावन्न. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी भांडणात खाडा नसे.

थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सकाळी बाबांना न्यायला आली, आणि धुक्यामुळे विमान दुसऱ्या विमानतळावर उतरवणार हे ऐकून तिच्या पायांखालची जमीनच सरकली. बाबांना हल्ली काही आठवत नसे. जन्मभर पोस्टमन, दार दिसलं की बाहेर पडून चालू लागायचे. मागच्या महिन्यात पाच तासांनी सापडले होते. त्यात बाबांना विमानात एकटं बसवून देताना धाकट्या भावाने अक्कल पाजळलेली : हरवू नये म्हणून बाबांचा फोन त्याने सामानाच्या बॅगेत घातला होता.

"तिकडे पोचायला किती वेळ लागेल हो?"

"एरवी पन्नास मिनिटं. या धुक्यात दीड तास धरा." चौकशीवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं, ताई?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. त्याने लगेच फोन लावला.

"बाई, आज अंतराचं राहू द्या. राखाडी स्वेटरमधले एक आजोबा उतरतील तुमच्याकडे. जुने पोस्टमन आहेत. काहीही करा, पण त्यांना दाराबाहेर जाऊ देऊ नका."

"पाठवा मुलीला. आणि सांगा, बावन्न आहेत, जपून चालव."

थोरलीने जीव मुठीत धरून गाडी हाकली. धावतच आत शिरली, तर चौकशी खिडकीमागे बाबा बाह्या सरसावून बसलेले. पुढ्यात प्रवाशांनी भरलेल्या अभिप्रायाच्या कार्डांचा ढीग. ते पत्ते वाचून गावागावांप्रमाणे गठ्ठे लावत होते.

"दोन वर्षांचा पसारा होता," बाई हळूच म्हणाल्या. "एकदा म्हणून दाराकडे पाहिलं नाही त्यांनी."

थोरलीने बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. त्या बाईंना आणि त्या चौकशीवाल्याला जन्मभर विसरायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"ते असू दे गं. गाडीच्या मीटरवर किती भरले?"

"तुम्ही म्हणाल तेवढे!" थोरली रडता रडता हसली.

बाबांनी मान वर केली. ओळख पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. "बसा, ताई. मला आता फार वेळ नाही. माझी मुलगी न्यायला येतेय."

"येईल ना नक्की?"

"म्हणजे काय! धुकं आहे, बावन्न किलोमीटर आहेत. पण ती येणारच."

थोरली त्यांच्या शेजारी बसली आणि उरलेली कार्डं एकेक करून त्यांच्या हातात देऊ लागली.