रजेचं कारण

"मंगळसूत्र काढून ठेवलं बाई तू, पण बोटावरचे वळ कुठं ठेवशीन?" अर्जावरची नजर न उचलता रजनीताईंनी विचारलं.

समोर बसलेल्या भैरवीनं झटकन पाय मागं घेतले. काढलेल्या जोडव्यांचे पांढरे वळ लख्ख दिसत होते. घाटंजीहून पहिल्या एसटीनं आलेली ही पोरगी अर्जात 'अविवाहित' लिहून मोकळी झाली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं!

"मॅडम, लग्न झालं म्हटलं का कोणी घेतच नाही. तीन जागी जाऊन आली मी."

"दिवस गेले काय?"

"नाही जी. पण आज ना उद्या होईनच ना लेकरू."

"हे खरं बोलली. बस बाहेर."

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात रजनीताई अठ्ठावीस वर्षं कारकून होत्या. मार्चमध्ये निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्याच खुर्चीसाठी आज माणूस निवडायचं होतं. नव्यानं लग्न झालेल्यांचे अर्ज बाजूला काढायचं कामही इतकी वर्षं त्यांनीच केलं होतं. त्याची लाज त्यांना आजच वाटली असं नाही, ती दर वेळी वाटायची. आज मात्र मूग गिळून बसवेना.

त्या अर्ज घेऊन मालकाच्या खोलीत गेल्या. वडिलांमागं कारखाना सांभाळणारा सलील माणूस वाईट नव्हता. लहानपणापासून तो त्यांना काकूच म्हणायचा.

"पोरगी हुशार दिसते, काकू. लग्न?"

"झालं आहे. अर्जात नाही लिहिलं, ते मी दुरुस्त करून घेते."

"मंग राहू द्या. उद्या बाळंतपण आलं तर सव्वीस आठवडे पगार मी द्यायचा, आन तिच्या जागी दुसरं माणूस तेही मीच ठेवायचं. सगळ्यांनी थोडं थोडं भरून निधी करा, त्यातून द्या, मी कायले नाही म्हणीन? सारं एकट्या मालकाच्या डोक्यावर टाकलं, तर मालक पोरीच घेत नाही."

यात खोटं काही नव्हतं. रजनीताईंना ते पटतही होतं, म्हणूनच जास्त सलत होतं. निधी व्हायचा तेव्हा होईल, पोरगी आज बाहेर बाकावर बसली होती.

"आता तुम्हीच पाहा," सलील कौतुकानं म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांत घेतली काय तुम्ही अशी रजा?"

रजनीताई उठल्या. कपाटातून त्यांनी रजेचं सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. पान शोधावं लागलं नाही.

"वाचा."

"रजनी. तीन दिवस. कारण, ताप." सलीलनं वर पाहिलं. "मंग?"

"ताप नव्हता. सहावा महिना होता. कामावर घेताना तुमच्या बाबांनी इचारलं, लेकरू एवढ्यात नाही ना? मी नाही म्हणलं. मंग पदराखाली लपवत राह्यली आन लिखापढीसंगं पुठ्ठ्याचे गठ्ठेही उचलत राह्यली. कोणाले सांगू? लेकरू पोटातच गेलं, आन चौथ्या दिवशी इथं येऊन बसली. बाबा म्हणे, तापानं चेहरा लय उतरला."

इतक्या वर्षांनी आवाज कापला, याचा त्यांना रागच आला. त्यानंतर त्यांची कूस कधी उजवली नाही, हे सलीलला ठाऊक होतं.

नोंदीखालच्या वडिलांच्या सहीवर त्यानं बोट फिरवलं. मग त्यानं भैरवीचा अर्ज ओढून सही केली. "सोमवारपासून येऊ द्या तिले. खरं काय ते लिहून."

"तिची रजा आली का तेवढे महिने मी येईन. घरी बसून तरी काय करू?"

सलील बाहेर पोरीला सांगायला गेला.

रजनीताईंनी टेबलावरचं पेन उचललं, 'ताप' या शब्दावर आडवी रेघ ओढली आणि शेजारच्या इवल्याशा जागेत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुलगी'.