बाटल्यांवरचा आशीर्वाद

वस्तीत सिस्टरला बाटलीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिची हरकत नसे. कोणाच्या घरी गेली की चहा नको म्हणायची, पण रिकामी बाटली दिसली की उचलायची. कधी कुठल्या पाण्याचा नमुना घ्यावा लागेल, सांगता येत नाही. मठातल्या बाकीच्या सिस्टर शाळेत शिकवत, दवाखाना बघत. ही मात्र नाल्याकाठी वाकून पाण्याचा वास घेत हिंडायची. मठाच्या मदर कपाळाला हात लावून म्हणायच्या, "देवाने बोलावलं सगळ्यांना देवळात, ही तेवढी गटारात गेली."

वस्तीच्या वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना होता. कातडी कुजू नयेत म्हणून मीठ लावून आणतात, कारखान्यात धुतात, आणि ते धुण्याचं पाणी कुठेतरी जातंच. इथे ते जमिनीत जात होतं. बघता बघता वस्तीतल्या विहिरी खारट झाल्या. साबणाला फेस येईना, दारातल्या झाडांची पानं कडेकडेने करपली, आणि लाँड्रीवाल्या मावशीच्या हातांना अशा भेगा पडल्या की कपडे भिजवताना ती दात आवळून घ्यायची. आता कारखान्याला दुसरा विभाग बांधायचा होता, तो टेकडीवर, झऱ्याच्या अगदी शेजारी. गोडं पाणी उरलं होतं ते त्या झऱ्यालाच. तोही गेला तर वस्तीने प्यायचं काय, एवढा साधा प्रश्न होता, आणि तो विचारायला सिस्टर सोडून कोणी पुढे येत नव्हतं.

बिशपांच्या कार्यालयाची साथ होती, नाही असं नाही. सृष्टीची काळजी आणि गरिबाचा न्याय हे श्रद्धेचंच काम आहे, असं सांगणारं पत्रक त्यांनी पाठवलं, चांगल्या गुळगुळीत कागदावर, वर हिरव्या पानाचं चित्र. सिस्टरने वकील मागितला होता. वकिलाऐवजी पत्रकांचा दुसरा गठ्ठा आला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उंट सोडवत नाही, हे तिला आता पाठ झालं होतं.

तेव्हा तिने आपल्या पद्धतीने माणसं जमवली. अर्जावर सही करायला बोलावलं तर वस्तीतली माणसं अचानक आजारी पडत. प्रार्थनेला या म्हटलं की बाकं भरत. म्हणून तिचं प्रत्येक काम वेदीपासून सुरू व्हायचं. मोर्चा असो की निवेदन, आधी प्रार्थना, मग बाकीचं. विहिरींचे नमुने घ्यायचे ठरले तेव्हाही तसंच झालं. बाटली विहिरीच्या काठावरच सीलबंद करायची, हा नियम तिला माहीत होता. प्रयोगशाळेतल्या माणसाने दोनदा बजावलं होतं. पण बायका म्हणाल्या, "सिस्टर, आधी देवासमोर ठेवू, मग लावा तुमच्या पट्ट्या." त्यांचे चेहरे बघून तिला नाही म्हणवलं नाही. कितीतरी वर्षांनी त्या आपल्या पायांनी आल्या होत्या, आपापल्या विहिरीची बाटली लेकरासारखी छातीशी धरून.

बाटल्या वेदीच्या पायरीवर ओळीने लागल्या. थोरले फादर प्रार्थना म्हणायला उभे राहिले. ते निवृत्त होऊन चर्चमागच्या खोलीत राहत; गुडघे गेले होते, डोळे जायच्या मार्गावर होते, आवाज मात्र अजून घुमटाला पुरत होता. सिस्टर मध्येच गाडीवाल्याला फोन करायला बाहेर गेली. परत आली तेव्हा सगळे "आमेन" म्हणत होते. तिने झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, सह्या केल्या आणि बाटल्या प्रयोगशाळेत पोचवल्या.

पुढच्याच आठवड्यात कारखान्याने विहिरी बुजवल्या. मुलं पडतील म्हणे. राडारोड्याचे ट्रक आले, विहिरी भरल्या, वर काँक्रीट टाकलं, आणि गल्लीच्या तोंडाशी एकेक नळ बसवून दिला, त्याची चावी कारखान्याच्या पहारेकऱ्याकडे. माणसांनी नळाबद्दल आभार मानले. सिस्टर रागाने दोन दिवस जेवली नाही. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला, आणि तिच्या जिवात जीव आला. क्षार भरमसाट होते. त्या विहिरींचं जगात जे काही उरलं होतं, ते त्या बाटल्यांत होतं, आणि ते साक्ष द्यायला तयार होतं.

दुसऱ्या विभागाच्या परवानगीवर सुनावणी होती, त्या दिवशी सकाळी ती थोरल्या फादरांच्या पाया पडायला गेली. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"घाबरू नकोस, पोरी," ते म्हणाले. "देव तारी त्याला कोण मारी. आणि मी माझ्याकडून काही कमी ठेवलेलं नाही. तुझ्या बाटल्यांना जुन्या रीतीने आशीर्वाद दिलाय."

"जुन्या रीतीने म्हणजे?"

"मिठाचा गं. आधी मीठ मंतरायचं, मग पाणी, मग क्रुसाची खूण करत मीठ पाण्यात सोडायचं. तुमचे धाकटे फादर नुसता हात हलवतात. त्यांना कोणी शिकवलंच नाही." ते खुशीत हसले. "तू फोनवर होतीस. बायकांनी भराभर झाकणं उघडली, मी एकेक चिमूट सोडली. एकही बाटली चुकवली नाही. हात थरथरतो, पण चुकवली नाही."

सिस्टर त्यांच्या पायांशी वाकलेली होती, ती तशीच राहिली. वर उठायचं कसं, ते तिला क्षणभर आठवेना. फादरांना वाटलं, पोरगी प्रार्थना करतेय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बसमध्ये मावशी तिच्या शेजारी बसली होती. चर्चचे कपडे ती फुकट धुऊन, इस्त्री करून द्यायची. तेवढंच देवाचं काम, म्हणायची. आज तिने स्वतःची साडीही कडक इस्त्रीची नेसली होती. "आज त्यांची तोंडं बघायची आहेत मला," ती म्हणाली. सिस्टरने मान हलवली. तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. विहिरी खारट होत्या, हे खरं. सगळ्या वस्तीच्या जिभेला ठाऊक होतं. मिठाची चिमूट पडली नसती तरी अहवाल हेच म्हणाला असता, थोडं हळू आवाजात. मग गप्प राहण्यात खोटं कुठे होतं? फादरांना कोणी विचारणार नव्हतं. बायकांच्या लेखी तो आशीर्वाद होता, पुराव्यात ढवळाढवळ नव्हती. जगात हे तिला एकटीलाच कळलं होतं, आणि ती एकटी गप्प बसली की झरा वाचत होता. बस पोचेपर्यंत तिने गप्प राहायचं ठरवलंही होतं.

सुनावणीच्या खोलीत पंख्याचा आवाज माणसांपेक्षा मोठा होता. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे कामगार; त्यांतले निम्मे वस्तीतलेच, कोणाचे दीर, कोणाचे जावई. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, त्यांना तरी दोष काय द्यायचा. सिस्टरने धर्मपुस्तकावर हात ठेवून खरं सांगायची शपथ घेतली. अधिकाऱ्याने अहवाल वाचला, भुवया वर केल्या, आणि कारखान्याच्या वकिलाकडे असं पाहिलं की वस्तीच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. मावशीने मागून सिस्टरच्या पाठीवर हात ठेवला.

वकील उठला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो रोज विचारतो ते त्याने विचारलं. "सिस्टर, विहिरीतून पाणी काढल्यापासून सील लावेपर्यंत बाटल्या कोणी उघडल्या नाहीत ना?"

नाही. दोन अक्षरं. ती तोंडात तयार होती. सिस्टरने तोंड उघडलं, आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला, "उघडल्या होत्या."

मग सगळं सांगावंच लागलं. वेदी, प्रार्थना, मीठ. वकिलाला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे पाण्यात मीठ आहे अशी तुमची तक्रार," तो सावकाश म्हणाला, "आणि ते मीठ तुम्हीच घातलंत."

कामगारांतून कोणीतरी हसलं. मग दुसरा हसला. मग सगळी खोली हसली, कारकूनसुद्धा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वस्तीतलेही दोघे-तिघे हसले, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. अधिकारी हसला नाही. तो बरा माणूस होता. त्याने विचारलं, "नवे नमुने घेता येतील का? मी मुदत वाढवून देतो."

"विहिरी बुजवल्या आहेत, साहेब," सिस्टर म्हणाली.

अधिकाऱ्याने अहवाल मिटला. मग त्याने तो बाजूला ठेवला. दुसऱ्या विभागाला परवानगी मिळाली. खाली एक ओळ होती, की झऱ्याच्या पाण्याची कारखान्याने वेळोवेळी तपासणी करावी. म्हणजे दुधाची राखण मांजराकडे.

बाहेर पायरीवर मावशी थांबली होती. कडक साडीला आता चुण्या पडल्या होत्या. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी झाकणं उघडून दिली फादरांना," ती म्हणाली. "मला काय कळतंय. तुम्हाला कळत होतं ना? आधीपासून?"

"सकाळी कळलं."

"मग एक 'नाही' म्हणायचं होतं, सिस्टर."

"मी शपथ घेतली होती, मावशी."

मावशीने आपले तळवे पुढे केले. भेगांमध्ये साबण जाऊन पांढरा झाला होता. "तुमचा आत्मा वाचला," ती म्हणाली. "आमचं पाणी गेलं." आणि ती बसकडे चालू लागली. परतताना ती पुढच्या बाकावर, दुसऱ्या बाईशेजारी बसली.

सिस्टर खिडकीतून बघत राहिली. लोक तिला उद्या खरं बोलणारी म्हणतील. मदरही कदाचित पहिल्यांदा कौतुक करतील. तिला स्वतःची शिसारी आली. मी देवासाठी बोलले की आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून, हे तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. वर्षानुवर्षं ती कारखान्याला खोटारडे म्हणत आली होती. खोटं बोलली असती तर तिच्यात आणि त्यांच्यात काय फरक उरला असता, असं ती स्वतःला समजावू लागली. मग तिला वाटलं, फरक उरला असता की. झरा उरला असता.

संध्याकाळी ती फादरांच्या खोलीत गेली. खरं तर जायचं नव्हतं, पण त्यांची औषधं द्यायची तिची पाळी होती. ते जागेच होते. दिवसभर जपमाळ ओढून त्यांची बोटं लाल झाली होती.

"काय झालं, पोरी?" त्यांनी विचारलं. "कोणी काही सांगतच नाही मला. जिंकलो ना?"

त्यांचा अधू डोळ्यांचा चेहरा तिच्या दिशेने वळला होता, नेमका तिच्याकडे नाही, जरा बाजूला. खाली मान घालून गोळी शोधत ती म्हणाली, "हो, फादर. जिंकलो."

"मिठाने काम केलं म्हण की."

"हो. मिठानेच केलं."

"मी म्हटलं नव्हतं?" ते उशीवर मागे टेकले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "आता झऱ्याचं पाणी आणत जा माझ्यासाठी. नळाचं नको."

"आणीन."

दाराशी काहीतरी हाललं. सिस्टरने वळून पाहिलं. मावशी उंबऱ्यात उभी होती, हातांवर फादरांच्या झग्याची घडी. दुःख असो की राग, शनिवारचे कपडे ती शनिवारीच आणून द्यायची. ती केव्हापासून उभी होती, ते विचारायची गरज नव्हती.

मावशी आत आली. तिने घडी खुर्चीवर ठेवली, वरची सुरकुती तळव्याने सारखी केली, आणि सिस्टरजवळून जाताना हळू आवाजात, फादरांना ऐकू जाऊ नये एवढ्या बेताने म्हणाली, "येतं की तुम्हाला."

ती गेली. फादरांनी पाणी मागितलं, झऱ्याचं. खोलीत नळाचंच होतं, ते सिस्टरने पेल्यात ओतून दिलं, आणि ते झऱ्याचं समजून फादर सावकाश प्याले.