चैत्रातले एकतीस

शहात्तर सालच्या मे महिन्यात गुणमालाच्या टेबलावर जिल्ह्याहून कागद आला. दोनच ओळींचा. एप्रिलच्या तक्त्यात तडजोडीनं मिटलेले खटले एकतीस. एरवी महिन्याला पाच-सहा असतात. चूक असल्यास खुलासा करावा.

तालुक्याच्या फौजदारी कोर्टात ती रोज विश्रामबागेहून एसटीनं यायची. लागून दहा महिने झालेले, नोकरी अजून कच्ची. कायम करायचा प्रस्ताव शिरस्तेदार नानासोंच्या ड्रॉवरात पडून होता, आणि तक्ता चुकवणाऱ्या कारकुनाला कायम कोण करतं?

नानासो पानाला चुना लावत म्हणाले, "जिल्ह्याला नवा साहेब आलाय. ह्यो आकडे वाचतो! एप्रिलला सहा ठेव, उरलेले पुढच्या महिन्यांत वाट. कुणाला कळतंय?"

"पण मिटलेत एप्रिलातच, साहेब."

"मग का मिटले ते लिही. ठावं हाय तुला?"

ठाऊक नव्हतं, आणि तेच तिला खुपत होतं. तिनं जुनी रजिस्टरं काढली, पदरानं धूळ पुसली. त्र्याहत्तरचा एप्रिल अठ्ठावीस. चौऱ्याहत्तर, तेहेतीस. पंचाहत्तर, एकोणतीस. शिक्षा बारा महिने सारख्या, निर्दोष सुटणारेही सारखे. तडजोडी तेवढ्या चैत्रात पालवीसारख्या फुटायच्या. या एकाच रकान्याला पाणी कोण घालत होतं?

तिसऱ्या दिवशी बनुबाई आली, पुराव्यात जमा झालेलं खोरं परत न्यायला. पाण्याच्या पाळीवरून तिच्या दिरानं, धुळानं, त्याच खोऱ्याच्या दांड्यानं तिच्या नवऱ्याचं डोकं फोडलं होतं. आणि मागून तिची पिशवी धरून कोण आलं? धुळाच.

गुणमाला बघतच राहिली. "मावशी, यांनीच ना मारलं?"

"व्हय की. सात टाकं पडलं."

"आवं वैनी, सहा!"

"सात! मी मोजल्यात."

"मग मिटवलंत कसं? तेही एप्रिलात?"

"बिरोबाची जत्रा न्हवं का चैत्रात! पालखीला म्होरला खांदा आमच्या मालकांचा, मागला ह्या भावजींचा. भांडान कोर्टात आसंल तर पंच खांदा देऊ देत न्हाईत. दोघांपायी देव देवळात अडकायचा, आन् सारं गाव आमाला शिव्या घालायचं."

"तुमच्याच गावात ही रीत?"

"वड्याकाठच्या सातबी गावांत. चैत्र लागला की वकिलाच्या दारात रांग बघा!"

"आणि जत्रा सरली की पुन्हा भांडण?"

धुळानं खोऱ्याकडं बघितलं, हसू दाबलं. "पाण्याची पाळी आली की बघू." बनुबाईनं खोरं त्याच्या हातून ओढून आपल्याच खांद्यावर टाकलं.

ती दोघं गेली आणि गुणमालानं एकतीस फायली गावागावांनी लावल्या. ओढ्याकाठच्या सात गावांतले सव्वीस. बाकी उरले पाच, दर महिन्याला असतात तेवढेच. तिला एकटीलाच हसू आलं.

संध्याकाळी तिनं खुलासा पुढं ठेवला: आकडा बरोबर आहे. सव्वीस खटले बिरोबाच्या जत्रेमुळे मिटले. चार वर्षांचे आकडे सोबत.

नानासोंनी चष्मा वर केला. "सरकारी कागदात बिरोबा?"

"त्याच्याशिवाय बेरीज जुळत नाही, साहेब."

नानासो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. पान चघळायचं थांबलं. सही केली, मग ड्रॉवर उघडून दुसरा कागद काढला, त्यावरही केली.

"दोन्ही एकाच लखोट्यात घाल," ते म्हणाले. "पट्टेवाल्याची एक खेप वाचंल."